शिसपेन्सिल आणि गीतारहस्य

श्रोतेहो, रत्नागिरीला आलात की टिळक आळीतल्या जन्मस्थानी डोकं टेकवून या. १८५६ साली लोकमान्य तिथे जन्मले. त्यांचं गीतारहस्य आपण देवाजवळ ठेवतो; पण ते लिहिलं कशानं, ठाऊक आहे? शिसपेन्सिलीनं! मंडालेच्या तुरुंगात शाई द्यायचे नाहीत. सुटा कागदही नाही. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या. १९१०-११ च्या हिवाळ्यात ग्रंथ उतरला. १९१४ साली सुटका झाली, तरी वह्या सरकारकडे अडकलेल्या. पुढे त्या हाती आल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापला गेला.

आता गंमत बघा. नाव शिसपेन्सिल, पण आत शिसं नाहीच! ग्राफाइट आणि चिकणमाती भाजून केलेली कांडी ती. शाई ओल लागली की पसरते, हिचं अक्षर कोकणातल्या पावसाळ्यातही टिकतं. मात्र हिला तासावं लागतं. अंग थोडं कमी होतं, तेव्हा टोक येतं. कर्मयोग याहून निराळा काय? झिजावं, अक्षर मागे ठेवावं, नावासाठी रुसू नये.

पोराच्या दप्तरात बोटभर तुकडा सापडला तर फेकू नका, बरं का! त्यानंच रोज गीतेचा एक श्लोक लिहा.

बोला, गोपालकृष्ण भगवान की जय!