पापणी उघडली, भुवई उतरली!

एक लहानसा आरसा घ्या आणि उजेडात बसा. आरशात सरळ समोर पाहा. वरची पापणी बुबुळाच्या वरच्या कडेवर एक-दोन मिलिमीटर आलेली दिसेल. मधली काळी बाहुली मात्र पूर्ण उघडी असेल. आता मान न हलवता नजर अगदी खाली न्या आणि मग जमेल तितकी वर न्या. नजरेबरोबर पापणी खाली गेली आणि वर आली. पण आणखी कोण हलले? भुवया! कपाळावर आठ्याही पडल्या.

आता अंगठ्याने एक भुवई कपाळाच्या हाडावर दाबून धरा आणि पुन्हा वर पाहा. भुवई जागची हलली नाही, तरीही पापणी वर गेलीच. म्हणजे पापणी उचलण्याचे मुख्य काम भुवईचे नाही. मग ती मध्ये का येते? पडलेली पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

पापणीचे हमाल

पापणी उचलणारा मुख्य स्नायू म्हणजे लेव्हेटर. खोबणीच्या अगदी मागच्या टोकापाशी तो सुरू होतो, डोळ्याच्या गोळ्यावरून पुढे येतो आणि पातळ, रुंद पडद्यासारखा होऊन वरच्या पापणीत शिरतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी तिसरी जोडी त्याला हुकूम देते. भुवई दाबून धरली असताना निरोगी माणसाची पापणी खालपासून वरपर्यंत साधारण 12 ते 15 मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त सरकते. ही सगळी ताकद लेव्हेटरची.

त्याच्या खाली एक छोटा मदतनीस असतो. हाइन्रिख म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. हा स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. तो पापणी दोनएक मिलिमीटरच उचलतो. आपण घाबरलो की डोळे विस्फारतात, त्यात त्याचा वाटा असतो.

तिसरा मदतनीस पापणीत नसून कपाळावर आहे. कपाळाचा स्नायू भुवईच्या कातडीला चिकटलेला असतो. तो आखडला की भुवई वर चढते, आणि भुवईखालची कातडी ताणली जाऊन पापणीही थोडी उचलली जाते. याला हुकूम मज्जातंतूंची सातवी जोडी देते. म्हणून लेव्हेटर दुबळा झाला तरी कपाळाचा स्नायू शाबूत राहू शकतो. मुख्य हमाल थकला की हा शेजारी न सांगता हात लावतो!

पापणी का पडते?

काही मुलांचा लेव्हेटर जन्मतःच नीट वाढलेला नसतो. त्यात स्नायूच्या धाग्यांऐवजी चरबी आणि चिवट तंतू असतात. असा स्नायू नीट आखडत नाही आणि नीट सैलही पडत नाही. म्हणून त्या मुलाने वर पाहिले तर पापणी मागे राहते, आणि खाली पाहिले तर ती दुसऱ्या पापणीइतकी खाली येत नाही. म्हातारपणी कारण वेगळे असते. स्नायू चांगला असतो, पण त्याचा पुढचा पडदा ताणून सैल होतो. मज्जातंतूच्या बिघाडाने किंवा स्नायू लवकर थकवणाऱ्या रोगानेही पापणी पडते. या रोगात ती सकाळी बरी आणि संध्याकाळी अधिक खाली दिसते. अशा वेळी आधी मूळ रोगावर उपचार करावे लागतात.

पापणी बाहुलीवर आली की समोरचे दिसेनासे होते. मग माणूस नकळत भुवई चढवतो. लहान मूल हनुवटी वर करून, मान मागे टाकून पाहते. भुवई उंच गेलेली, कपाळावर आठ्या आणि खाली अर्धा मिटलेला डोळा: असा चेहरा पाहून लोकांना वाटते, भुवयाच वाकड्या आहेत. खरे तर ती भुवई मदतीला धावलेली असते.

बैलजोडी आणि एकच हाक

आता एक आणखी नवल पाहू. एव्हाल्ड हेरिंग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1868 मध्ये एक नियम मांडला. दोन्ही डोळ्यांच्या जोडीने काम करणाऱ्या स्नायूंना मेंदूकडून सारख्याच जोराचा हुकूम जातो, असा तो नियम. पापण्या उचलणाऱ्या दोन्ही लेव्हेटरांनाही तो लागू पडतो. मेंदूत या दोघांसाठी पेशींचा एकच सामाईक पुंजका आहे.

एकाच जुवाला जुंपलेली बैलजोडी डोळ्यांपुढे आणा. डावा बैल दुबळा आहे. गाडी पुढे जाईना म्हणून गाडीवान मोठ्याने हाक देतो. हाक दोघांनाही ऐकू जाते. दुबळा बैल जेमतेम चालतो, पण धडधाकट बैल गरजेपेक्षा जास्त जोर लावतो. तसेच एका डोळ्याची पापणी पडली की मेंदू हुकमाचा जोर वाढवतो, आणि दुसरी पापणी आहे त्याहून उंच राहते. उद्या दुबळा बैल सुधारला, की हाक हळू होते आणि धडधाकट बैलाचा जोरही कमी होतो. म्हणजे एका डोळ्याची शस्त्रक्रिया केल्यावर ज्या डोळ्याला हातही लावलेला नाही, त्याची पापणी खाली येऊ शकते!

म्हणून डॉक्टर आधीच एक साधी परीक्षा करतात. पडलेली पापणी बोटाने हलकेच उचलून धरतात आणि दुसऱ्या पापणीकडे पाहतात. ती खाली आली, तर तिचाही दुबळेपणा आजवर झाकलेला होता हे कळते. मग दोन्ही पापण्यांचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेचे गणित

समजा, एका माणसाची पापणी 2 मिलिमीटर पडलेली दिसते. डॉक्टरांनी भुवई दाबून धरली, तर ती 4 मिलिमीटर पडलेली निघाली. म्हणजे उरलेले 2 मिलिमीटर भुवई पेलत होती. डॉक्टरांनी दिसणारे 2 मिलिमीटरच धरून पापणी उचलली तर काय होईल? काम अर्धेच होईल आणि भुवईची सुटका होणार नाही. म्हणून मोजमाप नेहमी भुवई स्थिर ठेवून करतात.

लेव्हेटरमध्ये पुरेशी ताकद असेल, तर तो आखूड करतात किंवा त्याचा सैल पडदा पुन्हा घट्ट बसवतात. मोठ्या माणसाला बहुधा तेवढ्याच भागाची भूल देतात. मग त्याला शस्त्रक्रिया चालू असतानाच डोळे उघडायला सांगून, कधी उठवून बसवून, दोन्ही पापण्या ताडून पाहता येतात. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागत असल्याने ही सोय नसते.

लेव्हेटर फारच दुबळा असेल, तर मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी किंवा सिलिकोनची दोरी कातडीखालून ओवून पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. इथे भुवईला सुट्टी नाही, उलट कायमची नोकरी मिळते! भुवई उचलली की पापणी उघडते. मात्र खाली पाहताना ती पापणी मागे राहते, आणि झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो. तो कोरडा पडू नये म्हणून औषध घालावे लागते.

भुवई उतरते तेव्हा

लेव्हेटरची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की भुवईचे ओझे उतरते. काही आठवड्यांत ती हळूहळू खाली येते, आठ्या पुसट होतात आणि दोन्ही भुवया पुष्कळदा एका रेषेत दिसू लागतात. पण भुवईबरोबर तिच्याखालची कातडीही खाली येते, म्हणून पापणीचा दिसणारा भाग थोडा कमी होतो. काही जणांची भुवई मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने चढलेलीच राहते. मग पापण्या सारख्या झाल्या तरी भुवया वरखाली दिसतात. सूज उतरेपर्यंत आणि भुवया आपली नवी जागा घेईपर्यंत डॉक्टर शेवटचा निकाल देत नाहीत. हुबेहूब सारखेपणा दर वेळी साधतोच असेही नाही.

मग एवढी खटपट कशासाठी? केवळ रूपासाठी नव्हे. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. पापणीने बाहुली झाकली, तर त्या डोळ्याचे शिक्षणच अडते. पापणीच्या दाबाने डोळ्याला चष्म्याचा नंबरही येऊ शकतो. पुढे पापणी उचलली तरी ती नजर पुरती परत येईलच असे नाही. म्हणून अशा मुलाला लवकर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. आणि चांगल्या माणसाची पापणी एकाएकी पडली, दोन-दोन दिसू लागले किंवा डोके असह्य दुखू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तुमच्या वर्गात मान मागे टाकून, भुवई उंचावून फळ्याकडे पाहणारा एखादा सोबती असेल. त्याला ‘झोपाळू’ म्हणू नका. फळ्यावरची जी ओळ तुम्ही सहज वाचता, तीच वाचण्यासाठी तो दिवसभर कपाळाने ओझे उचलत असतो.