न वाचता येणारी लिपी

मोडी लिपीतील जुना कागद हाती आला, तर आज पुष्कळांना तो वाचता येत नाही. परंतु कोणा जाणकाराला तो खात्रीने वाचता येईल, असा भरवसा असतो. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हांचा सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही. तेथे किल्लीच हरवली आहे. पण जिला मुळात कुलूपच नाही, अशीही एक लिपी असू शकते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत ती भेटते.

गोमंतकीय कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत मनुष्याकृती होत्या. पॉल क्ले या चित्रकाराच्या परिशीलनाने त्यांची दृष्टी पालटली आणि हळूहळू आकृती मावळल्या. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. झेन विचाराची ओढ त्यांना त्यापूर्वीच लागली होती.

रोलर व रंगकामाची सुरी यांनी रंगाचे पातळ थर ते एकावर एक चढवीत, पुन्हा खरवडून काढीत, कागदाच्या फाटक्या तुकड्यांचे ठसे उमटवीत. त्या प्रकाशमय पृष्ठावर चित्रलिपीसारखी चिन्हे तरंगू लागत. त्यांना अक्षरांचे वळण आहे. वर्णमाला मात्र नाही.

चीनमधील श्यू बिंग याने १९८७ ते १९९१ या काळात सुमारे चार हजार बनावट चिनी अक्षरे कोरून ग्रंथ छापले. वाचू जाणाऱ्या चिनी माणसाची तेथे प्रथम फसगत होते, आणि लिपीची सत्ता त्याच्या ध्यानी येते. गायतोंडे कोणाला फसवीत नाहीत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणेही त्यांना रुचत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द ते पसंत करीत.

१९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना अशक्य झाले. तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईने चित्रे काढली. रंगांचे थर गेले, विस्तार गेला. उरली ती केवळ चिन्हे. जी रंगाची शोभा म्हणून आली असती, ती रंगाबरोबरच नाहीशी झाली असती. ती टिकली, यावरून त्यांचे मूळ किती खोल होते हे कळते.

२००१ साली गायतोंडे निवर्तले. त्यांच्या चित्रांपुढे ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. परंतु निरक्षर बालक अक्षराकडे पाहते, तेव्हा अर्थाआधी त्याला आकारच दिसतो. साक्षर होताना गमावलेली ती दृष्टी ही चित्रे क्षणभर परत देतात.