ताबडतोब पाहिजेत

सकाळी 7

मी पेपर मागून वाचायला घेते. ‘पाहिजेत’चा रकाना हा माझा बाजारभाव. आजचा नमुना असा: ‘शिकाऊ व अनुभवी मुले-मुली ताबडतोब पाहिजेत. वय 18 ते 28. हसतमुख, होतकरू, निर्व्यसनी. पगार मुलाखतीअंती.’ काम कसलं, ते तळाचा पत्ता बघून ओळखायचं. निर्व्यसनी हा शब्द तर पाचवीला पुजलेला. तो वाचून एखादा तंबाखू खाणारा घरी बसला, असं मी अजून ऐकलं नाही.

लातुरात छोट्या जाहिराती लिहून देणं आणि पेपरांत लावणं हा माझा धंदा. मालक मंडळींबद्दल माझी एकच तक्रार आहे. ते माणसाचं वर्णन सांगतात, कामाचं सांगत नाहीत. जागा भरायची असते, पण बोलणं स्थळ बघायला आल्यासारखं.

9.30

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकाच्या बोळात आमचं ऑफिस. शटर उघडायच्या आत एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचे मालक पायरीवर हजर.

“ताई, दोन ओळीत बसवा. सॉर्टेक्स ऑपरेटर पाहिजे. मुलगा, पंचवीस ते तीस, इंग्रजी येणारा, निर्व्यसनी.”

“त्यानं करायचं काय?”

“ऑपरेटर म्हणलं की.”

“सकाळी आल्यावर पहिल्यांदा कशाला हात लावतो?”

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. तो विचारला की मालकाचं तोंड थांबतं आणि हात बोलायला लागतात. आधी कॉम्प्रेसरची हवा बघायची. मग काच पुसायची. डाळ वरून पडताना कॅमेरे एकेक दाणा टिपतात, वेगळ्या रंगाचा दिसला की हवेच्या फटक्यानं बाजूला उडवतात. काचेवर धूळ बसली तर चांगली डाळही उडते. म्हणून दर थोड्या वेळानं दोन्हीकडचा माल ताटात घ्यायचा, चांगल्यात काळा दाणा किती, टाकाऊत चांगली डाळ किती ते नजरेनं पारखायचं आणि मशीन कमी-जास्त करायचं.

“मग इंग्रजी कशाला?”

“स्क्रीनवर असतंय ना.”

“किती शब्द?”

त्यांनी बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्याची थोडी लागली. तेवढं चार दिवसांत पाठ होतं. पंचवीस ते तीसच का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, सगळे टाकतात म्हणून टाकलं. जी अट खरोखर लागते ती मात्र ते विसरले होते: रंग नीट ओळखता आले पाहिजेत. रंगांधळा माणूस कितीही शिकलेला, कितीही निर्व्यसनी असला तरी या कामाला उपयोगाचा नाही.

आणि ‘मुलगा’. मी विचारलं, मशीन यायच्या आधी डाळ निवडायला कोण बसायचं? “बाया.” अजून आहेत? “आहेत की, चार-पाच.” काळा दाणा, टरफल राहिलेली डाळ, खडा हे वर्षानुवर्षं बोटांनी वेचून काढलेली बाई त्याच मिलमध्ये बसलेली, आणि मालक पारख असणारा माणूस शोधायला माझ्याकडे आलेले. त्यांना हे सुचलं नव्हतं असं नाही. “बाईला मशीन?” एवढंच म्हणाले. मी ‘ऑपरेटर (स्त्री/पुरुष)’ लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. खोडलं नाही.

अडलं ते पगारावर. “आकडा नको, ताई. जुनी पोरं वाचतेत पेपर.” लातुरातल्या निम्म्या जाहिरातींत पगार का नसतो, याचं उत्तर या वाक्यात आहे. उमेदवारापासून लपवायचं काही नसतं. आधीपासून कामावर असलेल्या, कमी पगार घेणाऱ्या माणसापासून लपवायचं असतं. संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून गेले.

11.30

एका दवाखान्याचा फोन. सिस्टर पाहिजेत, ‘फक्त महिला, स्मार्ट’. कोणत्या विभागाला? जनरल वॉर्ड. मग नर्सिंगचं जीएनएम झालेला मुलगा का नको? गप्प. लागतं काय, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि रात्रपाळी करायची तयारी. हे दोन्ही लिहिलं, स्मार्ट काढलं. पगार विचारला, ‘योग्यतेनुसार’ म्हणाले. योग्यता ठरवणार तुम्ही, मग आकडाही तुमच्याचकडे असणार की! मॅडमला विचारून सांगतो म्हणाले.

दुपारी 1

डबा खाताना डीटीपी करणाऱ्या मुलीनं विचारलं, “ताई, ‘मुलगा पाहिजे’ लिहिलं तर गुन्हा असतो का?” समान मोबदला कायदा 1976 चा. पगारातच नव्हे, भरतीतही बाईला डावलायला त्यानं मनाई केली, अपवाद फक्त कायद्यानंच बंदी असलेल्या कामांचा. पुढे 2019 च्या वेतन संहितेतही ती तरतूद आली. पण रकान्यातल्या ‘मुलगा’वरून कुणी कोर्टात गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

सुधा मूर्तींची गोष्ट तिला ठाऊक होती. 1974 साल. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या, तेव्हाच्या सुधा कुलकर्णींनी टाटांच्या टेल्कोची जाहिरात वाचली, तीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरीही मिळाली. ही गोष्ट आपल्याकडे धाडसाची म्हणून सांगतात, आणि ते धाडस होतंच. पण धंद्यामुळे माझं लक्ष भलतीकडे जातं. ती ओळ वाचून पोस्टकार्ड न टाकता निघून गेलेल्या किती असतील? मालक आलेले अर्ज मोजतो. न आलेल्यांचा हिशोब कुठल्याच रजिस्टरला नसतो.

2.30

ट्यूशन एरियातल्या एका मुलींच्या होस्टेलचे सर. ‘लातूर पॅटर्न’मुळे अकरावी-बारावीला, नीटच्या तयारीला बाहेरगावची लेकरं येतात, त्यांच्यामागे होस्टेल, मेस, अभ्यासिका आल्या. सरांना रेक्टर पाहिजे. इथे ‘महिला’ लिहिणं बरोबरच, मुलींच्या खोल्यांत रात्री-बेरात्री जावं लागतं. माझी हरकत पुढच्या शब्दाला: ‘विनापाश’.

“म्हणजे काय हो, सर?”

“म्हणजे मागं कुणी नको. रात्रीची राहिली पाहिजे.”

मग तेच लिहू: ‘रात्री होस्टेलवर राहावे लागेल. खोली व जेवण मोफत. आठवड्याला एक सुट्टी.’ सुट्टी त्यांना लिहायची नव्हती. पण द्यायची होती का? होती. शेवटी मी विचारलं, एखादीचं लहान लेकरू असलं तर चालेल का? सर जरा थांबले. “मुलगी असली तर चालेल.” ‘मुलगी सोबत राहू शकेल’ असं घातलं. नवऱ्यामागे एकटी पडलेली, माहेरी भावाच्या संसारात अवघडून राहिलेली बाई आमच्या भागात गावोगाव आहे. विनापाश वाचून तिनं पान उलटलं असतं.

4.00

एका टॅक्स सल्लागाराकडे टॅली येणारा माणूस पाहिजे. मी मजला विचारला. तिसरा. लिफ्ट? नाही. हे का विचारते, तर मागे एका उमेदवाराचा फोन आला होता, “ताई, पायऱ्या किती आहेत? माझी कुबडी आहे.” त्या जाहिरातीत दुचाकी परवान्याचीसुद्धा अट होती, आणि काम दिवसभर खुर्चीवरचं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात 21 प्रकार मोजले आहेत; आमच्या रकान्यात मात्र एकच शब्द, ‘धडधाकट’. आता मी मजला लिहितेच. सल्लागार म्हणाले, चांगला टॅलीवाला मिळाला तर खाली पार्किंगशेजारच्या खोलीत टेबल टाकू. मग तसंच छापा म्हटलं.

जाहिरातीनं जे होत नाही तेही सांगते. कागदावर कुणी जात लिहीत नाही. फोनवर दुसराच प्रश्न असतो, “आडनाव काय?” आणि त्यावर भागलं नाही तर “गाव कोणतं, कोणत्या गल्लीत राहता?” ते माझ्या हातात नाही. मी फक्त एवढं करते, अर्जासोबत फोटो आणि ‘संपूर्ण नाव’ मागू देत नाही. फोन नंबर आणि काय येतं तेवढं पुरे.

5.30

पेपरला मजकूर द्यायची वेळ. इथे ओळीला पैसे पडतात, म्हणून सगळे काटकसर करतात, पण नको तिथे. ‘ताबडतोब’, ‘सुवर्णसंधी’, ‘गरजूंनीच’, ‘होतकरू’ काढले की पगार, वेळ आणि बसस्टॉप आरामात बसतात. बसस्टॉप महत्त्वाचा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून औसा, रेणापूर, मुरूडकडच्या बाया लातूरच्या कामाचा विचार करायला लागल्या. त्यांचा पहिला प्रश्न पगार नसतो. “सुटते किती वाजता?” परतीची गाडी चुकली की अर्ध्या तिकिटाचा उपयोग नाही.

डाळ मिलचा फोन आला. “टाका आकडा. पण उद्या नको, परवा. आधी जुन्या पोरांचं बघावं लागंल.”

“किती वाढवायलाव?”

“ते पेपरात टाकू नका.”

मजकूर असा गेला: ‘डाळ मिलसाठी सॉर्टेक्स ऑपरेटर (स्त्री/पुरुष). डाळीची पारख व रंग ओळखता येणे आवश्यक. मशीन शिकवू. वेळ 9 ते 6. पगार 17,000. एमआयडीसी, लातूर.’ वय नाही, शिक्षण नाही. त्यांच्या दोन ओळींपेक्षा एक ओळ जास्त झाली, तिचे पैसे देतो म्हणाले.

8.00

आता फोन उमेदवारांचे. हरंगुळच्या रेल्वे बोगी कारखान्याची पायाभरणी 2018 ला झाली, तेव्हापासून “भरती निघाली का?” हा प्रश्न रोजचा. निलंग्याकडचा एक मुलगा व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज वाचून दाखवत होता, पाचशे रुपये नोंदणी फी. भरू नको म्हटलं. कामाला घेण्याआधी पैसे मागणाऱ्याची जाहिरात मी घेत नाही, मग त्यात पगार कितीही ठळक लिहिलेला असो. त्याला आयटीआयचा ट्रेड विचारला. फिटर. दोन पत्ते दिले.

दवाखान्यातूनही मेसेज आला: मॅडम म्हणतात, ‘हसतमुख’ घाला. घालते, पगार कळवा, असं उत्तर पाठवलं. उद्या सांगतो म्हणाले. त्यांची जाहिरात उद्याच्या पेपरात नाही.