कोलेस्टेरॉल घटले, पण आनंद कशाचा?

"डॉक्टर, बाबांचं कोलेस्टेरॉल २३० वरून ९० वर आलं. बरंच झालं ना?" अतिदक्षता विभागाबाहेर मुलाने मला विचारले. वडिलांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. मला 'हो' म्हणवेना.

वाचकहो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क, म्हणजेच अ‍ॅड्रिनल ग्रंथी कोलेस्टेरॉलपासूनच कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात. संकटकाळी रक्तदाब टिकवायला ते लागते. गंभीर आजारात कोलेस्टेरॉल झपाट्याने घसरते. ती सुधारणा नव्हे, आजार बळावल्याची खूण असू शकते. कॉर्टिसॉलही कधी अपुरे पडते.

या रुग्णाचा रक्तदाब औषधांनीही सावरत नव्हता. मी मुलाला खोदून विचारले, तेव्हा कळले, की वडील दम्यासाठी कित्येक वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होते आणि चार दिवसांपूर्वी त्या बंद झाल्या होत्या. अशा गोळ्यांनी या ग्रंथी सुस्तावतात. आम्ही लगेच शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले. रुग्ण वाचला.

म्हणून आजाऱ्याला तूप पाजू नका, एरवीचे पथ्यही सोडू नका. मात्र स्टिरॉइड आपल्या मनाने थांबवू नका आणि रुग्णालयात दाखल होताना घरच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.