आठवणी आपल्या, लेखणी कोणाची?

सेवानिवृत्त सहकारी अलीकडे मला एक प्रश्न हमखास विचारतात : आठवणी भरपूर आहेत, पण लिहिण्याचा हात नाही, एखाद्या स्वतंत्र लेखकाकडून पुस्तक लिहून घेतले, तर खर्च किती येईल? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. किती द्यायचे, याबरोबरच आपण नेमके काय विकत घेत आहोत, हेही विचारायला हवे.

समजा, शब्दाला 3 रुपये दराने 80,000 शब्दांचे पुस्तक ठरले. मानधन होते 2,40,000 रुपये. रक्कम मोठी वाटते. परंतु मुलाखती, ध्वनिमुद्रणांचे लेखन, जुन्या कागदपत्रांशी तारखांचा ताळमेळ आणि दोन-तीन खर्डे यांत दहा महिने गेले, तर महिन्याला 24,000 रुपयेच पडतात. त्यात रजा नाही, निवृत्तिवेतन नाही आणि मुखपृष्ठावर नावही नाही. घासाघीस केली की पहिली कात्री लागते ती पडताळणीला. मग स्मृतीतली चूक छापून येते आणि पुराव्याच्या थाटात वावरू लागते.

कायद्याची बाजूही अनेकांना ठाऊक नसते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क सामान्यतः नोकरी देणाऱ्याचा असतो. स्वतंत्र लेखक मात्र नोकर नसतो. लेखन त्याचे असेल, तर पहिला हक्कही त्याचाच. त्याचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. करारात मुदत नसेल, तर ते पाच वर्षांपुरते मानले जाते. प्रदेशाचा उल्लेख नसेल, तर भारतापुरते. शिवाय कलम 57 लेखकत्व सांगण्याचा अधिकार कॉपीराइटपासून वेगळा राखते. पैसे मोजले की सारे आपले झाले, ही समजूत येथे टिकत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या संदर्भात जहांगीर आठवतो. आपल्या कारकिर्दीचा वृत्तांत तो स्वतः लिहीत असे. सतराव्या वर्षी प्रकृती साथ देईना, तेव्हा त्याने हे काम मुतमद खानाकडे सोपवले. खानाने लिहायचे आणि बादशहाने ते तपासायचे, अशी व्यवस्था ठरली. महत्त्वाचे हे, की हा बदल त्या आत्मवृत्तातच नोंदवलेला आहे. त्यामुळे लेखणी कोठे बदलली, हे आजच्या अभ्यासकाला कळते आणि ग्रंथाचे मोल घटत नाही. पुढे मुतमद खानाने ‘इक्बालनामा’ स्वतःच्या नावाने लिहिला.

सेवेत असताना मीही मंत्र्यांची भाषणे लिहिली. तेथे निनावी राहणे योग्यच होते. धोरण शासनाचे, उत्तरदायित्वही शासनाचे. आत्मचरित्राचे तसे नाही. एखादा दुष्काळ, दंगल किंवा भूसंपादन कसे हाताळले गेले, याची ती साक्ष असते. सरकारी नस्तीत जे येत नाही, ते पुढचा इतिहासकार तेथेच शोधणार. साक्षीदाराचे शब्द कोणी निवडले, हे त्याला कळायला हवे.

म्हणून माझे उत्तर असे : लेखी करार करा, पडताळणीचे पैसे वेगळे धरा, ध्वनिमुद्रणे जपून ठेवा आणि लेखकाचे नाव छापा. मराठीत त्यासाठी ‘शब्दांकन’ हा नेमका शब्द रूढ आहेच. त्या एका ओळीला खर्च काही नाही. पण तिच्यावाचून बाकीच्या पानांवर विश्वास ठेवणे अवघड होते.