मुक्त संगणक-प्रणाली आणि आपली पेढी

व्यापारी बंधूंनो, संगणक नाही अशी पेढी आज कतारगामात क्वचितच आढळेल. बिले, जी.एस.टी.चे विवरण, मालाची नोंद ही सर्व कामे त्यावरच होतात. अशात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित पाठिंबा संपुष्टात आला. नवे यंत्र घ्यावे, की चालत्या जुन्या यंत्रावर मुक्त प्रणाली बसवावी, असा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. त्याचाच विचार आम्ही येथे करीत आहोत.

मुक्त प्रणाली म्हणजे केवळ फुकटची प्रणाली नव्हे. जिची मूळ संहिता कोणासही पाहता, सुधारता व इतरांस देता येते, ती मुक्त प्रणाली होय. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेले 'लिनक्स' आणि २०१० साली 'ओपनऑफिस'पासून वेगळे झालेले 'लिब्रेऑफिस' ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. लिब्रेऑफिस ज्या ओ.डी.एफ. नमुन्यात कागद जतन करते, तो २००६ सालीच आंतरराष्ट्रीय मानक ठरला आहे. आपल्या खातेवहीच्या कपाटाची किल्ली परक्याच्या हाती असू नये, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

मग असा माल सर्वांच्या पेढीवर का नाही? कारण तो बहुधा जाणकारांनी जाणकारांसाठी घडविला. वखारीची मांडणी ज्याने केली त्यास प्रत्येक थप्पी अंधारातही सापडते. नव्या हमालास मात्र दिवा लागतो. २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 'ग्नोम' हा लिनक्सवरील पडदा काही लोकांकडून वापरून पाहिला, तेव्हा माणसे कोठे अडखळतात हे प्रत्यक्ष दिसून आले. २००२ सालच्या ग्नोम २ मध्ये अनेक पर्याय कमी करण्यात आले. काही जुने जाणते त्यावर नाराज झाले. तथापि सामान्य माणसाची वाट सोपी झाली. लिब्रेऑफिसनेही २०१९ च्या ६.२ आवृत्तीत परिचित पट्ट्यांची मांडणी ऐच्छिक म्हणून दिली.

आपल्याकडे लिपीची अडचण निराळी आहे. जुन्या खासगी फाँटांत लिहिलेली मराठी वा गुजराती पत्रे दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र सर्वत्र वाचता येतो. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत व गुजरातीतही मिळतात. इंग्रजीत चाचपडणाऱ्या मुनिमास ही सोय लहान नव्हे.

आमचे मत असे, की बदल पायरीपायरीने करावा. प्रथम आहे त्याच यंत्रावर लिब्रेऑफिस बसवून मुनिमाकडून रोजची पत्रे व तक्ते करून घ्यावेत. लिनक्स बसविण्यापूर्वी छापयंत्र, डिजिटल सहीचे साधन आणि बँकेचे काम त्यावर चालते की नाही, हे तपासावे. हिशेबाची प्रणाली करसल्लागारास विचारल्यावाचून बदलू नये, आणि बदलल्यास एक तिमाही दोन्हीकडे नोंद ठेवावी. सर्व नोंदींची निराळी प्रत प्रथमच काढून ठेवावी, हे सांगणे नलगे.

शेवटी एक विनंती. जेथे आपला मुनीम अडखळेल, ती जागा लिहून त्या प्रणालीच्या कर्त्यांस कळवावी. गिऱ्हाईक मुकाट्याने परत गेले, तर माल कोठे खोटा होता हे दुकानदारास कसे कळावे? मुक्त प्रणालीत तक्रार करणारा हाही तिच्या घडणीतील भागीदारच असतो.