प्लास्टिकचा साचा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातली प्लास्टिकची बादली पालथी घालून पाहा. बहुतेक बादल्यांच्या तळाशी मधोमध एक टिंब दिसतं. तिथूनच वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलेलं असतं. बादली खाली निमुळती होत जाते, तीही साच्यातून सहज निघावी म्हणून. वस्तू घडते ती अशी साच्याच्या कलाने. तरीही साच्याबद्दल काही गैरसमज पक्के बसले आहेत.

गैरसमज : वस्तूच्या मापाचा पोकळ ठसा कोरला की साचा तयार.
वस्तुस्थिती : प्लास्टिक थंड होताना आक्रसतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १ ते २ टक्के, तर एबीएस हे दुसरं प्लास्टिक जेमतेम अर्धा टक्का. पॉलिप्रॉपिलीनचं १०० मिमीचं झाकण हवं, तर दीड टक्का आक्रस धरून कॅव्हिटी, म्हणजे साच्यातली पोकळी, १०१.५ मिमीची ठेवावी लागते. त्याच साच्यात एबीएस चालवलं, तर झाकण मोठं निघेल.

गैरसमज : भिंत जितकी जाड, तितकी वस्तू मजबूत.
वस्तुस्थिती : जाडी दुप्पट केली की थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. मग आतलं प्लास्टिक आक्रसतं, पृष्ठभाग आत ओढतं आणि खळगा पडतो. त्यापेक्षा भिंत एकसारखी ठेवून मागून रिब, म्हणजे आधाराची उभी पट्टी, द्यावी, तीही भिंतीच्या जाडीच्या ५० ते ६० टक्केच.

गैरसमज : बाजू अगदी काटकोनात असल्या की काम नेटकं.
वस्तुस्थिती : आक्रसलेली वस्तू कोअरला, म्हणजे तिला आतून आकार देणाऱ्या साच्याच्या भागाला, घट्ट धरून बसते. बाजूंना साधारण १ अंशाचा उतार, म्हणजे ड्राफ्ट, नसेल तर ती सुटताना ओरखडे पडतात, वस्तू बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे पांढरे डाग उमटतात. खरबरीत पोताला उतार आणखी लागतो.

गैरसमज : उत्पादनाचा वेग मशीन ठरवतं.
वस्तुस्थिती : एका नगाला लागणाऱ्या वेळातला अर्ध्याहून जास्त वेळ बहुधा थंड होण्यातच जातो. म्हणून साच्यात पाणी कुठून खेळवलं, यावर वेग ठरतो.

गैरसमज : माप चुकलं तर ट्रायलनंतर बघू.
वस्तुस्थिती : पोलाद कोरून काढणं सोपं, भरणं अवघड. भरायचं म्हणजे वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग, पुन्हा पॉलिश. म्हणून जाणता डिझायनर शंकेच्या मापाला कॅव्हिटी किंचित लहान आणि कोअर किंचित मोठा ठेवतो.

भोसरीची औद्योगिक वसाहत असो की वाळूजची, साचे बनवणाऱ्या टूलरूममधल्या माणसाला ड्रॉइंग पक्कं होण्याआधी दाखवा. कागदावरची रेघ खोडता येते, पोलादावरची नाही.